‘आज असा चित्रपट निघणार नाहीं’

जुन्या चित्रपटांविषयीं बोलणें निघालें कीं एक वाक्य हटकून ऐकूं येतें : ‘आज असा चित्रपट निघणार नाहीं.’ बोलणाराच्या मुद्रेवर बहुधा खेद असतो, आणि त्या खेदांत थोडा अभिमानहि मिसळलेला असतो. कारण आपण त्या धीट काळाचे वारसदार आहों, असें त्याला सुचवावयाचें असतें. पण त्याच वाक्याचा उच्चार दुसऱ्या एका सुरांतहि होतो. एखाद्या जुन्या विनोदी चित्रपटांत तोतऱ्या माणसाची, सांवळ्या मुलीची किंवा परप्रांतीयाच्या उच्चारांची टर उडविलेली पाहून आजची एखादी तरुण मुलगी म्हणते, ‘आज असा चित्रपट निघणार नाहीं,’ आणि तिच्या मुद्रेवर समाधान असतें. शब्द तेच, पण एकाच्या मतें जग भित्रें झालें आणि दुसरीच्या मतें तें शहाणें झालें. दोघांचेंहि म्हणणें एकाच वेळीं खरें असूं शकेल काय, आणि असेल तर त्यांतील भीति कोणती व शहाणपण कोणतें हें ओळखावें कसें, एवढाच प्रश्न येथें विचारासाठीं घ्यावयाचा आहे.

पहिल्या सुराविषयीं बोलतांना प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या काळीं चित्रपटकाराला मोकळें रान होतें, ही समजूत इतिहासाला धरून नाहीं. १९१८ च्या कायद्यान्वयें १९२० सालीं परीक्षक मंडळें स्थापन झालीं, आणि मुंबईच्या मंडळाचें अध्यक्षपद पोलिस कमिशनराकडे असे. एवढें एकच सांगितलें तरी त्या मंडळाचा कलाविषयक दृष्टिकोन वाचकांच्या ध्यानांत येईल! कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’ या १९२१ सालच्या मूकपटांतील विदुर फार गांधीजींसारखा दिसतो, म्हणून मद्रास इलाख्यांत त्यावर बंदी आली. ‘प्रभात’च्या शिवकालीन मूकपटाच्या नांवांतील ‘स्वराज्य’ हा शब्द सरकारला सोसला नाहीं. तो १९३० सालीं ‘उदयकाल’ म्हणून पडद्यावर आला. बालगंधर्वांनीं ज्यांत एकनाथांची भूमिका केली तो बोलपट ‘महात्मा’ या नांवानें निघावयाचा होता. १९३५ सालीं तो ‘धर्मात्मा’ होऊन बाहेर पडला. आणि हा सारा जांच परक्यांचाच होता असेंहि समजण्याचें कारण नाहीं. अमृत नाहटांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती आणीबाणीच्या काळांत जाळून टाकण्यांत आल्या, त्या स्वकीयांच्या राज्यांतच. तेव्हां पूर्वीं स्वातंत्र्य होतें आणि आतां तें गेलें, अशी सरळ मांडणी करतां येत नाहीं. ते चित्रपट निघाले ते स्वातंत्र्य असल्यामुळें नव्हे. तें नसतांना निघाले.

मग बदललें तें काय? येथें एकाच महापुरुषावरील दोन चित्रपटांची तुलना उपयोगी पडेल. आचार्य अत्रे यांचा ‘महात्मा फुले’ १९५४ सालचा. बाबूराव पेंढारकर जोतीबांच्या भूमिकेंत, सुलोचनाबाई सावित्रीबाईंच्या. आणि प्रत्यक्ष गाडगेमहाराज त्यांत कीर्तन करतांना दिसतात. या चित्रपटाला त्या वर्षींचें मराठी चित्रपटासाठींचें राष्ट्रपतींचें रौप्यपदक मिळालें. पुढें सत्तर वर्षांनीं, २०२५ सालीं, अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा हिंदी चित्रपट तयार झाला. तो जोतीबांच्या जयंतीस, ११ एप्रिलला, प्रदर्शित व्हावयाचा होता. कांहीं ब्राह्मण संघटनांनीं आक्षेप घेतले, प्रमाणन मंडळानें ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ इत्यादि शब्दांच्या बाबतींत बदल सुचविले, आणि चित्रपट २५ एप्रिलला लोकांपुढें आला. म्हणजे ‘निघणार नाहीं’ हें वाक्य शब्दशः खोटें ठरलें, चित्रपट निघाला. दोन आठवडे ही कांहीं फार मोठी शिक्षा नव्हे. परंतु ज्या पुरुषानें जन्मभर समाजाच्या रोगाला त्याच्या नांवानें हांक मारली, त्याच्याच चरित्रांत नांवांची अडचण व्हावी, ही गोष्ट शिक्षेपेक्षां अधिक बोलकी आहे.

आणि जे चित्रपट पंधरा दिवस अडून निघतात त्यांची वार्ता तरी आपणांस कळते. जे लिहिलेच जात नाहींत त्यांची गणती कोण करणार? पूर्वीं भीतीला एक कचेरी होती, तेथें एक साहेब बसे, त्याच्याशीं भांडतां येई, त्याला चकवितां येई, नांव बदलून तोच चित्रपट त्याच्या नाकासमोरून नेतां येई. आजची भीति वांटून घेतलेली आहे. थोडी भांडवल पुरविणाऱ्याकडे, थोडी थिएटरच्या मालकाकडे, थोडी वकिलाकडे, आणि उरलेली लेखकाच्या स्वतःच्या टेबलाच्या खणांत. सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं, राखीव जागांच्या प्रश्नावरील एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यांत, निदर्शनांच्या वा दंगलीच्या धमकीपुढें नमून विचारप्रकाशनाचा हक्क दडपतां येणार नाहीं, असा स्वच्छ निर्णय दिलेला आहे. तो निर्णय आजहि वाचावा इतका चांगला आहे. पण न्यायालय तयार झालेल्या चित्रपटाचें रक्षण करूं शकतें. मनांतच जिरलेल्या चित्रपटाला तें काय करणार? त्यांत आणखी असें कीं, मंडळाच्या निर्णयावर दाद मागण्यासाठीं जें स्वतंत्र न्यायाधिकरण होतें तें २०२१ सालीं मोडीत निघालें, आणि लहान चित्रपटकाराला आतां थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. ही पायरी चढण्याचा खर्च ज्याला परवडतो त्याला बहुधा ती चढण्याची वेळच येत नाहीं.

एवढ्यावरून पहिल्या सुराचा विजय झाला असें वाटेल. परंतु आतां दुसऱ्या बाजूचा दाखला पाहूं, आणि तो अमेरिकेंतून घेऊं. कारण इतका ठळक दाखला आपल्याकडे मिळत नाहीं. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या दिग्दर्शकाचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट १९१५ सालचा. चित्रपटकलेचें व्याकरण ज्यांनीं घडविलें त्यांत ग्रिफिथची गणना होते, आणि या चित्रपटाचा धडा आजहि त्या कलेच्या विद्यालयांतून दिला जातो. कथानक अमेरिकेंतील यादवी युद्धाचें व नंतरच्या काळाचें. त्यांत मुक्त झालेले काळे लोक पशूंसारखे दाखविले असून त्यांच्या मुख्य भूमिका गोऱ्या नटांनींच तोंडाला काळें फांसून केलेल्या आहेत. आणि त्यांचा ‘बंदोबस्त’ करणारी बुरखेधारी कू क्लक्स क्लॅन ही संघटना देशाची तारणहार म्हणून घोडे उधळीत येते. ही संघटना तेव्हां नामशेष झालेली होती. त्याच वर्षीं तिचें पुनरुज्जीवन झालें. काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं १९०९ सालीं निघालेल्या राष्ट्रीय संस्थेनें गांवोगांव या चित्रपटाविरुद्ध निदर्शनें केलीं व त्यावर बंदी मागितली.

आतां प्रश्न असा कीं, एका बाजूस धीट कलावंत व दुसऱ्या बाजूस भावना दुखावलेला जमाव, अशी जगाची विभागणी करून जे मोकळे होतात त्यांनीं येथें कोणत्या बाजूस उभें राहावें? येथें बंदी मागणारे तुडविलेले होते, आणि कलावंत तुडविणाऱ्यांच्या रथावर बसला होता. तेव्हां भावना दुखावल्या एवढ्यावरून दुखावणारा दोषी ठरत नाहीं हें जितकें खरें, तितकेंच त्यावरून तो निर्दोष व शूर ठरत नाहीं हेंहि खरें. आमच्या वादांत ही दुसरी अर्धी गोष्ट नेहमीं विसरली जाते. कोणी रागावलें म्हणजे आपण कांहीं मोठें सत्य बोललों, असें समजणाऱ्या लेखकांची व चित्रपटकारांची एक जातच निर्माण झाली आहे. लोकांच्या पायावर पाय देणें हें सत्यकथन असतें, तर गर्दीच्या वेळीं आगगाडींत चढणारा प्रत्येक मनुष्य तत्त्ववेत्ता ठरला असता.

आपल्या घरचा सौम्य दाखला ‘पडोसन’चा. १९६८ सालच्या या हिंदी चित्रपटांत मेहमूदनें उभा केलेला संगीतशिक्षक मास्टर पिल्लई आठवून आजहि लोक हंसतात. मेहमूद हा विलक्षण ताकदीचा विनोदी नट होता यांत शंका नाहीं. पण तो चित्रपट लागला तेव्हां माटुंग्याहून आलेला एखादा तमिळ गृहस्थ प्रेक्षागृहांत बसला असेल, तर आजूबाजूचे लोक ज्याला हंसत होते तें त्याचें बोलणें होतें, त्याची शेंडी होती, त्याचें गाणें होतें. ग्रिफिथच्या पंक्तीला मी ‘पडोसन’ला बसविणार नाहीं, तेथें द्वेष आहे, येथें केवळ बेफिकिरी आहे. तरीहि त्या हास्यांत त्या एका माणसाला भाग नव्हता, आणि हें आज आपल्या लक्षांत येतें त्याला मी भित्रेपणा म्हणणार नाहीं.

यावरून एक सोपा नियम बांधण्याचा मोह होतो : बलवानाला डिवचणारा चित्रपट चांगला, दुर्बळाला डिवचणारा वाईट. नियम दिसावयास न्याय्य आहे, पण व्यवहारांत टिकत नाहीं. कारण आज दुर्बळ कोण, असें विचारलें कीं सर्वांचेच हात वर होतात. ज्यांच्या हातीं सत्ता आहे, संख्या आहे, शाळा आहेत, वृत्तपत्रें आहेत, तेहि आपल्या शतकानुशतकांच्या दुःखाची यादी घेऊन पुढें येतात. दुर्बळतेचा दाखला देणारी कचेरी कोठेंहि नाहीं. तेव्हां चित्रपटाच्या बाहेर न जातां, त्याच्या आंतच भेद दाखविणारी कांहीं खूण सांपडते का, हें पाहिलें पाहिजे. ती खूण मला ‘कुंकू’मध्यें सांपडते.

‘कुंकू’ हा ‘प्रभात’चा १९३७ सालचा बोलपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा नारायण हरि आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. विषय जरठ-कुमारी विवाहाचा. हा विषय तेव्हां नवा नव्हता. देवलांची ‘शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आली होती. पण ‘शारदे’तला भुजंगनाथ हा मुळांतच हास्यास्पद. त्याला पाहून हंसणारा कोणीहि वृद्ध विवाहेच्छु स्वतःला त्यांतून सहज वगळूं शकतो. मी कोठें असा आहें, असें तो मनांत म्हणेल. ‘कुंकू’तील काकासाहेबांची गोष्ट निराळी आहे. ते प्रतिष्ठित वकील आहेत, घरंदाज आहेत, मोठ्या मुलांचे बाप आहेत, आणि केशवराव दात्यांनीं त्यांची भूमिका अशी केली आहे कीं आपणांस त्यांचा रागहि येतो व दयाहि येते. पैसे मोजून त्यांनीं एक पोरकी मुलगी लग्नाची बायको म्हणून घरीं आणली, यांत आपलें कांहीं चुकलें असें त्यांना प्रथम वाटतच नाहीं. जग असेंच चालत आलें आहे. शांता आपट्यांची नीरा जेव्हां त्यांना पति म्हणून जवळ येऊं देण्याचें साफ नाकारते, तेव्हां ते दुष्टासारखे खवळत नाहींत, तर हिशेब न जुळलेल्या माणसासारखे गोंधळतात. भिंतीवरचें जुनें घड्याळ टोले देत असतें. चित्रपटांत पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. घरांतले, रस्त्यावरचे आवाज तेवढे कानांवर येतात, आणि त्या शांततेंत त्या गृहस्थाला स्वतःचें वय ऐकूं येऊं लागतें.

१९३७ सालीं हें पाहावयास कोण आलें असेल? तिकीट काढून आलेल्या सुशिक्षित, पांढरपेशा कुटुंबांत असे काकासाहेब होते, अशा मुली देणारे मामा होते, आणि हें सारें मुकाट्यानें पाहणारे शेजारी तर सर्वच होते. चित्रपटानें आरोपी बाहेरून आणला नाहीं. तो पुढल्या रांगेंतच बसलेला होता. आणि महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्याला पडद्यावर आपला चेहरा ओळखूं येईल अशा रीतीनें तो चेहरा रंगविला होता. ग्रिफिथच्या चित्रांत नेमकें उलट आहे. तेथें ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना चेहराच ठेवलेला नाहीं, काळा रंग आहे. आणि ज्यांच्यासाठीं चित्रपट काढला ते प्रेक्षक आंत शिरतांना जितके निर्दोष होते त्याहून अधिक निर्दोष होऊन बाहेर पडतात. दोन्हीहि चित्रपट आज निघणार नाहींत असें कोणी म्हटलें, तर या दोन ‘नाहीं’मध्यें जमीनअस्मानाचें अंतर आहे.

‘शेजारी’चा उल्लेख या संदर्भांत नेहमीं होतो, म्हणून त्याविषयीं थोडें. १९४१ सालचा हा बोलपट विश्राम बेडेकरांच्या कथेवरचा. जीवबा पाटील आणि मिर्झा या दोन वृद्ध स्नेह्यांत धरण बांधणारा एक भांडवलवाला वितुष्ट आणतो, आणि शेवटीं धरण फुटतांना दोघेहि बरोबरच मरतात. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तींत तर हिंदू ठाकूर मजहर खान यांनीं आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदार यांनीं केला. लाहोरच्या ठरावानंतर वर्षभरांत असा चित्रपट काढणें हें धैर्याचें होतें, आणि आज तो काढणाराला कोणकोणते प्रश्न विचारले जातील याची कल्पना करणें कठीण नाहीं. तरीहि ‘कुंकू’च्या शेजारीं ठेवला असतां मला ‘शेजारी’ थोडा फिका वाटतो. त्यांत भांडण लावणारा धरणवाला मधें उभा आहे. दोन्ही समाजांचा प्रेक्षक त्याच्याकडे बोट दाखवून घरीं जाऊं शकतो. दोन भल्या माणसांचें इतक्या लवकर कां फाटलें, हा प्रश्न चित्रपट विचारतो खरा, पण फार काळ विचारीत नाहीं.

आतां ‘कुंकू’कडे पुन्हां वळावयाचें कारण असें कीं, तो आज निघणार नाहीं हें तिसऱ्याच अर्थानें खरें आहे. आज कोणी तें कथानक जसेंच्या तसें घेऊन चित्रपट काढला, तर त्याला कोणीहि अडविणार नाहीं. मंडळ प्रमाणपत्र देईल, मंत्री शुभेच्छा देतील. पैसे मोजून अल्पवयीन वधू आणणें ही आज निदान सुशिक्षित मराठी घरांत लाजेची गोष्ट झाली आहे. त्यामुळें पुढल्या रांगेंतला आरोपी उठून गेला आहे. उरलेले प्रेक्षक आजोबांच्या काळच्या पापाकडे पाहून हळहळतील, आणि आपण किती पुढें आलों या आनंदांत आइस्क्रीम खातील. म्हणजे तीच गोष्ट, तींच पात्रें, पण तो ‘कुंकू’ नव्हे.

त्या चित्रपटाचा शेवटहि आज निराळा वाचला जातो, आणि हें मला उपकारक वाटतें. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो. नीरेनें दुसरें लग्न करावें असें सांगून ते आत्महत्या करतात. आजची विचारी स्त्री विचारते : तिचें स्वातंत्र्य तिला पुरुषाच्या औदार्यानें, आणि तेंहि त्याच्या मरणानें, मिळावें हा कोणता न्याय? आक्षेप रास्त आहे. पण त्या काळचा कायदा पाहिला कीं त्या शेवटाचा भेसूरपणा अधिक कळतो. १९३७ सालीं मुंबई इलाख्यांत हिंदू स्त्रीला कायद्यानें घटस्फोट नव्हता. पुष्कळ जातींत काडीमोडीची रूढि होती, बडोद्याच्या संस्थानानें १९३१ सालीं कायदा केला होता. पण नीरेच्या समाजांतील स्त्रीला त्याचा उपयोग नव्हता. मुंबईचा घटस्फोटाचा कायदा १९४७ चा, आणि सर्व देशाला लागू झालेला हिंदू विवाह कायदा १९५५ चा. विधवाविवाहाचा कायदा मात्र १८५६ पासून होता. म्हणजे नीरेला कायदेशीरपणें मोकळें होण्याचें एकच दार उघडें होतें, तें विधवा होण्याचें! नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें म्हणून रखमाबाईंना १८८७ सालीं मुंबईच्या न्यायालयानें तुरुंगाचें भय घातलें होतें, हें काकासाहेबांसारख्या वकिलाला ठाऊक नसेल असें म्हणवत नाहीं. तरी न्यायालयाचा मार्ग त्यांनीं धरला नाहीं. चित्रपटकारानें हा शेवट गोड म्हणून केला असो वा नसो, कायद्याच्या पुस्तकाशेजारीं ठेवून वाचला तर तो त्या पुस्तकावरचा आरोप ठरतो.

म्हणूनच जुन्या चित्रपटांतून टोंचणारे भाग कापून टाकावेत, या मताशीं मी सहमत होऊं शकत नाहीं. ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ सुद्धां जपून ठेवला पाहिजे. फक्त तो कोणी, कोणाविरुद्ध आणि काय परिणाम होऊन दाखविला गेला, हें त्याबरोबर सांगितलें पाहिजे. ‘राजा हरिश्चंद्रा’चेहि तुकडेच आज आपल्या हातीं उरले आहेत. काळानें इतकें खाल्लें आहे कीं त्यांत आपण आपल्या कात्रीची भर घालण्याची गरज नाहीं.

राहिला प्रश्न आजच्या ‘कुंकू’चा. तो काढावयाचा तर आज आपण स्वच्छ मनानें करीत असलेली गोष्ट शोधावी लागेल, आणि ती शोधण्यास फार लांब जावें लागणार नाहीं. मुंबई-पुण्यांत जागा भाड्यानें देतांना आडनांव व आहार विचारण्याची जी रीत आहे तीच घ्यावी. मात्र त्या घरमालकाला दुष्ट करूं नये. तो निवृत्त शिक्षक असावा, पत्नीच्या आजारपणांत त्यानें स्वतः स्वयंपाक केलेला असावा, सभेंत तो समतेवर चांगलें बोलत असावा. जागा पाहावयास आलेल्या मुलीला त्यानें आपल्या हातानें चहा करून द्यावा, तिच्या शिक्षणाचें मनापासून कौतुक करावें, आणि मग, कप खालीं ठेवतां ठेवतां, तिचें पुरें नांव विचारावें. ही भूमिका करण्यास केशवराव दात्यांच्या तोडीचा नट पाहिजे. आणि त्या प्रश्नानंतर पडद्यामागें संगीत मुळींच वाजतां कामा नये.